आघातचिन्हांची निगा

घाव कधीच पुसला जात नाही, काळसुद्धा त्याच्यापुढे हात टेकतो — असं काहीतरी भारदस्त तिच्या मनात जुळून येत होतं, भिंगाखाली भोकाची करडी, जराशी फुगलेली कड दिसत होती, आणि कुंचल्याचा केस लागतो न लागतो तोच त्या कडेचा पापुद्रा सुटला आणि अलगद तिच्या तळहातावर येऊन पडला. म्हणजे घाव पुसला जात होता. रोज थोडाथोडा जात होता. तो जाऊ नये म्हणूनच तर तिला पगार होता.

पापुद्रा बशीत ठेवून तिने पिचकारीच्या सुईने कडेत चुन्याची निवळी सोडली — थेंब, थांबायचं, पुन्हा थेंब — आणि मग तिच्या लक्षात आलं की आज शुक्रवार, आणि सोमवारी हे भोक आपणच बुजवायचं आहे. सोमवारी ज्याला मूठमाती द्यायची त्याचं शुक्रवारी औषधपाणी... हात थांबला नाही. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

भोक हा शब्द कागदोपत्री चालत नाही. कागदावर त्याला ‘आघातचिन्ह’ म्हणतात, आणि ग्रंथालयाच्या या मोठ्या वाचनदालनात जागोजागी पितळी पाट्या आहेत — ‘कृपया आघातचिन्हांत बोटे घालू नयेत’ — ज्या वाचल्यावर, इतका वेळ ज्याच्या मनातही नव्हतं तोही बोट घालतो. बोटांनी कडा झिजतात. कुणी च्युइंगम चिकटवतं, कुणी चिठ्ठी खुपसतं, एका बाईंनी ताजं फूल खोचलं होतं आणि त्या फुलाच्या ओलीने तिची वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती. मध्यंतरी वरच्या मंडळींनी प्रत्येक भोकावर काचेचं झाकण बसवलं. आत ओल धरून हिरवीगार बुरशी आली, आणि ‘राष्ट्रीय दुःखाला बुरशी’ अशी बातमी छापून आल्यावर झाकणं निघाली. तेव्हापासून ती आणि तिचा कुंचला. भोक वाढू द्यायचं नाही आणि बुजूही द्यायचं नाही. बरं होऊ द्यायचं नाही आणि बिघडूही द्यायचं नाही. पाठीमागे शिपाई तिला भोकवाल्या बाई म्हणत. तोंडावर मॅडम.

हल्ला झाला त्याला आता इतकी वर्षं झाली होती की तेव्हा जन्मलेली मुलं इथे येऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती आणि त्या परीक्षेत हल्ल्यावर दोन मार्कांचा प्रश्न येत असे. ऐन दुपारी, दालन भरलेलं असताना, बंदुका घेऊन माणसं घुमटाखालून आत आली. हीच इमारत का, यावर पुष्कळ ग्रंथ निघाले आणि ते याच इमारतीत ठेवले आहेत. तिचं साधं मत होतं : हा घुमट बिस्किटांच्या डब्यांवर असतो. मारेकऱ्यालासुद्धा ओळखीची इमारत लागते.

“मॅडम, लोकांनी इथं वाचायला यावं,” नवे संचालक म्हणाले होते. “भोकं बघायला नको.” त्यांनी भोकं म्हटलं, आघातचिन्हं नाही, तिथेच तिला ते आवडले. ती भांडायच्या तयारीने गेली होती, मुद्दे घोकून गेली होती, आणि पहिल्याच वाक्याला तिला पटलं. हे फार वाईट झालं. पटल्यानंतर माणसाला राग काढायला जागा उरत नाही. “आणि तुम्हीच भरा ती,” संचालक पुढे म्हणाले, “तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?” जशी काही भोकं तिच्या माहेरची होती.

त्या दिवशी दालनात असलेल्यांपैकी ज्यांना बुजण्याआधी एकदा पाहून जायचं असेल त्यांनी या आठवड्यात यावं, असं कळवलं होतं. फारसं कुणी आलं नाही. एकजण आला, त्याने प्रसाधनगृह कुठे आहे विचारलं, आणि तिकडून परस्पर गेला. आणि काल सकाळी चहा घेताना तिचा नवरा म्हणाला, “मी येतो उद्या. दुपारी.” रेडिओवर बुद्धिबळाचं धावतं वर्णन चालू होतं. तिने आवाज कमी करायला हात पुढे केला, आणि मग तो मागे घेतला, कारण त्या घरात आवाज कमी करत नाहीत.

हे तिला कुणाला सांगता येत नसे... सांगितलं तर लोक हसतात, आणि हसण्यासारखं आहेच. उभा जन्म ज्याने लोकांना गप्प बसवण्यात घालवला त्या वाचनदालनाच्या अधीक्षकाला त्या दिवसापासून शांतता सोसत नाही. बैठकीच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाकघरात रेडिओ, उशाशी छोटा ट्रान्झिस्टर. हवामान, बाजारभाव, परक्या भाषेतल्या बातम्या, काहीही चालतं. वीज गेली की तो पाढे म्हणतो. अंधारात, छताकडे पाहत, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, आणि शेजारी पडलेली ती मनातल्या मनात त्याच्या पुढे धावते, सतरा साते... म्हणजे हा चुकला तर मला कळावं. चुकत नाही. इतकी वर्षं झाली, एकदाही चुकला नाही. वाचनदालनात येऊन ती जी रोज बसते ती काही देशासाठी नाही, मेलेल्यांसाठी नाही. इथे शांतता आहे म्हणून बसते. याची तिला लाज वाटायची, पूर्वी. आता कंटाळा येतो.

पहिली गोळी सुटली तेव्हा नवरा मान वर न करता म्हणाला होता, “श्श!”

हे तो स्वतः सांगतो. लग्नसमारंभात सांगतो, लोक हसतात आणि मग हसावं की नाही म्हणून एकमेकांकडे बघतात. पण दालनाने ऐकलं, ही खरी गोष्ट. त्याच्या त्या श्शची लोकांना इतकी सवय होती की जवळच्या दोन टेबलांवरची मंडळी, उठायला निघालेली, पुन्हा खाली बसली. त्यांतली काही बसल्यामुळे वाचली. काही बसल्यामुळे वाचली नाहीत. चौकशी समितीने नकाशे काढले, नकाशांवर बाण काढले, आणि कोण कशामुळे याचा मेळ शेवटपर्यंत लागला नाही. वर्तमानपत्रांनी ‘अधीक्षकांचे प्रसंगावधान’ असं छापलं. एका बाईने त्याला जिन्यात गाठून विचारलं, “माझ्या माणसाला गप्प का बसवलंत हो?” त्याने दोन्ही ऐकून घेतलं, आणि दोहोंवर त्याचं एकच उत्तर असे : “मी खांबामागे होतो. गोळी डोक्याच्या वर वीतभर लागली. चुना केसांत पडला.” म्हणजे माझ्यावरही झाडली होती. मी बाहेरून बसवलं नाही कुणाला; मीही आतच होतो, त्यांच्यातच. सगळं घर, त्याची झोप, मुलीचं लग्न ठरवताना पाहुण्यांसमोरचं ते तीन वाक्यांचं निवेदन — सगळं त्या वीतभर उंचीवरच्या भोकाला टांगलेलं होतं. आणि ते भोक खिडकीजवळच्या या खांबावर तिच्यासमोर होतं आणि ती त्याला सुईने चुना पाजत होती.

“मॅडम, हे तुमचं नाही.”

ती दचकली. यंत्रवाला मागे उभा होता. बुजवण्याआधी प्रत्येक भोकाच्या आत काय आहे ते टिपून ठेवायला बाहेरून बोलावलेला हा माणूस. इस्त्रीसारखं एक यंत्र भिंतीवरून फिरवायचा आणि मान डोलवायचा. दालनात हळू बोलायचं म्हणून तो घशातून बोलत होता, त्यामुळे जे साधं होतं तेही गुपित वाटत होतं.

“म्हणजे?”

“म्हणजे गोळीचं नाही. बाकीच्यांत शिसं, तांबं, काही ना काही लागतंय. यात लाकूड आहे. खुंटी ठोकलेली आहे जुनी. घड्याळबिड्याळ टांगलेलं असणार इथे कधीकाळी.”

“नीट बघितलंत?”

“तीनदा. आता लाकडाच्या गोळ्या झाडत असतील तर गोष्ट वेगळी.” तो स्वतःच हसला, मग तिचा चेहरा बघून हसू आवरलं. “लिहू ना?”

“आधी जेवून या,” ती म्हणाली.

“साडेअकरा वाजतायत, मॅडम.”

“मग सावकाश जेवा.”

तो गेला. तिने बोट उचललं आणि पितळी पाटीच्या देखत भोकात घातलं. कड गोल होती. बाकीच्या भोकांच्या कडा दात पडल्यासारख्या, वेड्यावाकड्या, आणि ही बांगडीसारखी गोल. हे हाताला कधीपासून माहीत होतं? पहिल्या वर्षापासून? हात पुष्कळ गोष्टी जाणून असतो आणि वर कळवत नाही; कचेऱ्यांमध्येही असंच चालतं... हल्ल्याच्या दिवशी ती इथे नव्हतीच. मुलीला ताप होता म्हणून घरी होती. पंधरवड्याने दालन उघडलं तेव्हा ती एकटी आत आली, आणि नवरा तर तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेला, काही विचारायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, तर तिने आपलीआपण शोधाशोध केली — खिडकी म्हणाला होता, खांब म्हणाला होता — आणि या खांबाला पाठ लावून उभी राहिली, त्याचा माथा माझ्या माथ्याच्या चार बोटं वर येतो हे लग्नाच्या फोटोवरून आठवलं, तिथून वीत टाकली, आणि करंगळीच्या टोकाशी भोक लागलं. ती तिथेच खाली बसली. रडली की काय ते आठवत नाही. बसली एवढं आठवतं, आणि फरशी गार होती. पुढे डॉक्टरांची ताकीद संपली, पण न विचारायची सवय संपली नाही. भोकांची मोजणी झाली तेव्हा हेही त्यांत धरलं. कुणी शंका घेतली नाही. नवरा बोलतोय, बायको दाखवतेय, मध्ये कोण बोलणार?

आता तो दुपारी येणार आणि यात बोट घालणार. आणि सोमवारनंतर कधीतरी, कुठल्यातरी लेखात कुणीतरी लिहिणार की अमुक खांबावरचं चिन्ह गोळीचं नव्हे, अधीक्षकांची आठवण तपासून पाहायला हवी. तो वाचतो सगळं. अजून सगळं वाचतो, मोठ्याने.

सांगावं का आधीच? ‘अहो, ते घड्याळाचं भोक आहे.’ — इतकं सोपं वाक्य. चहा देतादेता सांगण्यासारखं. आणि मग तो ऐकून घेईल, तसंच, जिन्यातल्या बाईचं ऐकून घेतलं होतं तसं, आणि मग रात्री... सतराच्या पुढे कुठले पाढे असतात? एकोणतीसचा येतो का कुणाला?

बशीशेजारी दुसऱ्या भोकातून सकाळी काढलेला भुगा चिमटीभर पडला होता. त्यात शिशाचा एक काळसर कण होता, मोहरीएवढा. वास्तविक तो डबीत जायचा, डबीवर चिठ्ठी लागायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत विसरायचं नसतं ते एवढंच : जे जिथलं आहे ते तिथलंच राहू द्या. ती स्वतः शिकाऊ मुलींना हे दरडावून सांगत आली होती. एकीला तर तिने विटेचा तुकडा इकडचा तिकडे केला म्हणून रडवलं होतं... तिने चिमट्याने कण उचलला, भोकात खोल सारला, आणि वरून चुन्याची निवळी सोडली. थेंब. थांबायचं. पुन्हा थेंब. समोरच्या टेबलावरचा विद्यार्थी तिच्याकडे आदराने बघत होता.

यंत्रवाला ढेकर दाबत परत आला. “पुन्हा एकदा फिरवा,” ती म्हणाली. त्याने यंत्र फिरवलं. यंत्र किणकिणलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या चिमट्याकडे पाहिलं, मग बराच वेळ छताकडे पाहिलं.

“उगवली की,” तो म्हणाला.

“यंत्राला भूक लागली असेल मघाशी.”

“असेल. मला काय, मॅडम. यंत्रात येतं ते मी लिहितो.” आणि त्याने लिहिलं. जाताना तो वळला आणि खरोखरीच्या काळजीने म्हणाला, “पण खुंटी राहिली हो आत. ती नका काढू. कड ढासळेल.”

मोबाईल थरथरला. मुलगी. ती जिन्यात जाऊन बोलली.

“आई, बाबा निघालेत. ट्रान्झिस्टर खिशात आहे, मी काढायला लावला तर म्हणाले तू तुझ्या घरी बघ. आणि आई, तो नवा शर्ट घातलाय.”

“कशाला?”

“मला काय विचारतेस? मुलगी बघायला निघाल्यासारखे निघालेत. तू त्यांच्याबरोबर राहा हं. एकटं सोडू नकोस.”

“मी कुठं जाणार आहे?” ती म्हणाली, आणि त्या वाक्यात इतकी वर्षं मावली म्हणून तिला जरा आश्चर्य वाटलं.

तो दारात दिसण्याआधी ऐकू आला. कुठल्यातरी गावचं कमाल तापमान, किमान तापमान. दरवान, जुना माणूस, उठून उभा राहिला, नमस्कार केला, आणि मग ओशाळून म्हणाला, “साहेब... आत रेडिओ चालत नाही.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच, साहेब. नियम तुमचाच आहे. पाटीवर सही आहे.”

नवऱ्याने पाटी बघितली. सहीसुद्धा बघितली, कुणा ओळखीच्या माणसाची असावी तशी. “बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि खिशात हात घालून त्याने बटण फिरवलं.

ती शांतता तिला नेहमीची होती, पण आज तिला ती त्याच्या बाजूने ऐकू आली — पंख्यांची घरघर, पान उलटल्याचा आवाज, आणि त्याच्यामध्ये केवढाले खड्डे. त्याचे ओठ हलत होते. सतरा. तिने त्याच्या कोपराला हात लावला. त्याने कोपर काढून घेतलं नाही. ते आत निघाले. तो टेबलांच्या कडेने, पूर्वी फेरी मारायचा तसा, पाठीमागे हात बांधून, आणि ती अर्धं पाऊल मागे, चेहऱ्यावर कचेरीतला भाव. कुणाचीतरी खुर्ची फरशीवर करकरली. सगळ्यांनी माना वर केल्या. त्याचा हात उठला, बोट ओठांच्या दिशेने निघालं, अर्ध्या वाटेवर थांबलं, आणि मग त्याने नाक खाजवलं.

खिडकीजवळचा खांब आला. बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं, अगदी थोडं, ‘हे बघा’ एवढंच. तो खांबाजवळून पुढे गेला. बघितलंसुद्धा नाही, भोकाशेजारच्या पाटीवरून त्याचा खांदा घासत गेला आणि तो पुढे गेला, दालन ओलांडून, पलीकडे — तिकडेही खिडकी होतीच, तिकडेही खिडक्या होत्या, हे तिला रोज दिसत होतं — सज्जाच्या खालच्या, कोपऱ्यातल्या खांबापाशी जाऊन थांबला. पाठ टेकवली. डोळे मिटले. ओठ हलायचे थांबले.

“हाच,” तो म्हणाला.

खांब गुळगुळीत होता. वरपासून खालपर्यंत, नखाएवढाही ओरखडा नसलेला. त्याने न बघता हात डोक्यावर नेला, वीत टाकली, आणि जिथे करंगळी पोचली तिथे तळव्याने चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग वळून, चष्मा वर करून, नाक लावून बघितलं. तिला वाटलं, आता. आता ढासळणार. तिच्या तोंडात दहा वाक्यं एकदम आली आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं.

“बुजवलंस का?” तो म्हणाला.

तिने खांबाकडे पाहिलं, मग त्याच्या बोटाकडे.

“तूच ना? तुझाच हात.” तो बोट फिरवत राहिला, हलक्या हाताने, मुलांच्या पाठीवरून फिरवावं तसं. “छान झालंय गं. कळतसुद्धा नाही.”

“हो,” ती म्हणाली.

“मला वाटलं होतं बघायला मिळेल. पण बरं झालं.” आणि तो पुन्हा पाठ टेकून उभा राहिला, आणि ट्रान्झिस्टर खिशातच राहिला, गप्प, आणि तोही गप्प, आणि पाढे नाहीत. किती वेळ ते तिने पाहिलं नाही. तिला एकदम जाणवलं की आपले पाय दुखताहेत. कधीपासून दुखत असतील. पलीकडच्या खांबात लाकडाच्या खुंटीवर शिशाचा कण बसवून तिने आज जी जन्माची शपथ मोडली ती कुणासाठीच मोडली नव्हती. आणि त्याच्याही आधी, इतकी वर्षं, तिने एका घड्याळाच्या भोकाला सुईने पाजलं होतं, त्याच्यासमोर एकदा खाली बसली होती... याचा राग यायला हवा होता. ती वाट पाहत राहिली. राग आला नाही. आली ती एक विचित्र, हलकी, आडोसा गेल्यासारखी पोकळी — आणि मग तिच्याही नकळत ती पुढे झाली, त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि तिनेही पाठ टेकवली. गार वाटलं. दोघं मिळून समोर बघत राहिले, कुणी फोटो काढणार असल्यासारखे. विचारायचं ते आता विचारता आलं असतं. पण आज पहिल्यांदाच तिला काही विचारायचं नव्हतं. शेजारचा माणूस श्वास घेत होता आणि तो आवाज पुरेसा होता.

तो खांब हल्ल्यानंतर दोन वर्षांनी, सज्जाला टेकू म्हणून, नवा उभा केलेला होता.